धसक्याचं माप

आवाज फार मोठा नव्हता. स्टीलचं ताट फरशीवर पडावं, तेवढाच. पण खुर्चीत बसलेल्या त्रिशलाचे डोळे गच्च मिटले आणि खांदे कानांपर्यंत वर आले. तिच्या डाव्या डोळ्याखाली चिकटवलेल्या टिकलीएवढ्या चकतीनं ते टिपलं, आणि काचेपलीकडे बसलेल्या डॉ. रेवती भोकरेंच्या पडद्यावर एक रेघ उसळी मारून खाली आली.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला शीतल बसला होता. तिचा नवरा. हात मांडीवर, नजर जमिनीकडे, सांगितल्याप्रमाणं गप्प. त्यानं काहीच केलं नव्हतं. आवाज यंत्राचा होता. तोच आवाज मघाशी शीतल खोलीत नसताना केला, तेव्हा त्रिशला कोणीही दचकेल तेवढीच दचकली होती.

डॉक्टर आत आल्या, त्यांनी हलक्या हातानं चकती काढली आणि अजून फरक राहतोय म्हणून सांगितलं. शीतल उठला. यात तिची काही चूक नाही, असं तो डॉक्टरांना म्हणाला आणि मदतनिसाबरोबर निघून गेला. दार त्यानं इतक्या हळू ओढून घेतलं, की त्रिशलाला उगीचच भरून आलं. हा माणूस आयुष्यात कधी दार हळू लावत नव्हता.

बायकोवर हात उगारणाऱ्या माणसाला सुधारायचं कसं, हा प्रश्न जुना. पूर्वी कोर्ट अशा माणसांना वर्गाला पाठवायचं. शनिवारी दुपारी गोलात खुर्च्या मांडायच्या, समुपदेशक बोलायचा, माणसं माना डोलवायची, हजेरीची सही करून आणि चहा पिऊन घरी जायची. किती जण सुधारले हे कळायला दोनच वाटा होत्या. एक, त्या माणसालाच विचारायचं. तो सुधारलो असंच म्हणणार. दुसरी, पोलिसांत पुन्हा तक्रार आली का ते बघायचं; आणि पहिल्या तक्रारीनंतर घरात काय होतं ते भोगलेली बाई दुसऱ्यांदा सहसा चौकीची पायरी चढत नाही. त्यामुळं कागदावर वर्ग उत्तम चालायचे.

मग 'निवळ' उपचार आला. त्यामागचं विज्ञान समजायला सोपं होतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. आपण ती बाहेर काढतो तेव्हा ती ओल्या मातीसारखी मऊ पडते, काही तास तशीच राहते, आणि मग मेंदू ती पुन्हा घट्ट करून ठेवून देतो. त्या मऊ वेळात तिला हात लावता येतो. उपचार केंद्रात ठेवून माणसाला त्याच्या रागाचे प्रसंग एकेक करून आठवायला लावत. आठवण जागी झाली की एक औषध देत, आणि कानशिलाजवळ धरलेल्या यंत्रातून, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी मेंदूतल्या बदामाएवढ्या एका भागावर सोडत. भीती आणि संताप तिथंच पेटतात. आठवण पुन्हा घट्ट व्हायची, पण तिला जोडलेला जाळ तेवढा सुटून यायचा. प्रसंग आठवायचा, मुठी वळायच्या नाहीत. गढूळ पाणी निवळावं, तसा माणूस निवळायचा.

आणि माप घ्यायचं बायकोच्या शरीरावर. धोका जवळ असला की माणूस साध्या आवाजालाही जास्त दचकतो, आणि पापणीजवळच्या स्नायूला खोटं बोलता येत नाही. नवरा खोलीत असताना आणि नसताना बायको सारखीच दचकली, तर उपचार यशस्वी. फरक राहिला, तर नवऱ्यानं घरी राहायला जायचं नाही. शीतलचे उपचार पावसाळ्यापूर्वीच पूर्ण झाले होते. फरक मात्र तसाच होता.

त्रिशला रिक्षानं सांगलीच्या गावभागातल्या घरी आली. मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. आज सुट्टी टाकली होती. घर शांत होतं. मुलगी ऋजुता पुण्याला नोकरीला गेल्यापासून ते शांतच असायचं, आणि अशा शांततेत त्रिशलाला हटकून जुने दिवस आठवायचे.

कृष्णेला मोठा पूर आला होता, त्या वर्षीचे. पाणी ओसरल्यावर सगळ्या सांगलीला चिखलाचा आणि सडलेल्या धान्याचा वास येत होता. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी छपरापर्यंत बुडाली होती. मोटर उघडायला माणूस मिळेना, कारण गावातल्या झाडून सगळ्या मोटरी एकाच वेळी बुडालेल्या. अखेर मिरजेहून एक उंच, दाढी वाढलेला मुलगा आला. नाव विचारल्यावर म्हणाला, शीतल मगदूम. वडील हसून म्हणाले होते, नाव तरी थंड आहे, काम कसं करतोस बघू.

त्यानं गिरणीच्या उंबऱ्यातच बैठक मारली. जळलेली जुनी तार उपसून काढली आणि नवी तांब्याची तार गुंडाळत बसला. गुंडाळताना गुणगुणायचा. सूर बरा होता, शब्द एकही धड नाही. नाही आठवला तिथं तो आपल्याच मनाचं काहीतरी घालायचा, आणि तिथं उभी असलेली त्रिशला तोंडाला ओढणी लावून हसायची. रीळ धरायला म्हणून त्यानं तिला बोलावलं. दुपारभर ती रीळ धरून उभी राहिली. काम झाल्यावर त्यानं खटका ओढला, पट्टा फिरला, आणि इतक्या दिवसांनी गिरणीची घरघर सुरू झाली. गल्लीतली माणसं ती ऐकायला बाहेर आली होती. कोणीतरी म्हातारीनं त्याच्या तळहातावर गूळ ठेवला. त्यातला अर्धा त्यानं त्रिशलाला दिला.

पुढच्या वर्षी लग्न झालं. बाजारपेठेत हळदीच्या गोदामावर दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. उन्हाळ्यात खालून हळदीचा भपका असा यायचा, की उशीचे अभ्रेसुद्धा पिवळे वाटायचे. सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून हरिपूरला जायचं, संगमावर पाण्यात पाय सोडून बसायचं, कागदाच्या पुडीतलं भडंग खायचं. शीतल येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या चालीची नक्कल करायचा. ती हसून हसून दमायची.

हरिपूरच्या अशाच एका संध्याकाळी, बरोबर आलेल्या त्याच्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानातल्या मित्रांसमोर, तिनं त्याची नक्कल केली. तो गाताना शब्द कसे विसरतो त्याची. सगळे हसले, तोही हसला. घरी आल्यावर त्यानं दार लावलं आणि तिच्या कानाखाली मारली. नंतर तोच रडला, तोच बर्फ घेऊन आला. तो पहिला दिवस. नंतर बर्फ आणणं बंद झालं. एकदा मनगट मोडलं. शाळेत तिनं स्कूटर घसरली म्हणून सांगितलं. आवाज, पावलं, किल्ली ठेवायची तऱ्हा, यावरून आजची संध्याकाळ कशी जाणार ते तिला कळू लागलं. शेवटी एका दिवाळीत त्यानं तिला केसांना धरून जिन्यावरून ओढलं. सुट्टीला आलेली ऋजुता मध्ये पडली नाही. तिनं हाताला लागला तो फोन उचलला आणि पोलिसांना पत्ता सांगितला. पुढं कोर्टानं शीतलला 'निवळ'च्या केंद्रात पाठवलं.

पण रिकाम्या घरात बसलं की आठवायची ती गिरणी, हळद आणि हरिपूर. माणूस आठवणी निवडत नाही म्हणतात. त्रिशलाला वाटायचं, आपण निवडतो. गव्हातले खडे काढावेत तसे वाईट दिवस बाजूला काढतो, आणि उरलेलं ओंजळीत घेऊन बसतो.

त्या आठवड्यात डॉक्टर भोकरेंनी तिला एकटीलाच बोलावून घेतलं. बाई सरळ होत्या, आडपडदा न ठेवता बोलल्या. शीतलसारखे अनेक जण होते, ज्यांच्यात रागाचा मागमूसही राहिला नव्हता, पण बायकांचा धसका जात नव्हता. सरकार हा उपचार सगळ्या जिल्ह्यांत न्यायचा की बंद करायचा ते लवकरच ठरवणार होतं, आणि ठरणार होतं ते बायकांच्या मापावरून. म्हणून वरून एक नवीन कल्पना आली होती. तोच उपचार बायकोलाही द्यायचा. भीतीचे प्रसंग आठवायचे, औषध घ्यायचं, ध्वनिलहरी. थोड्या बैठकांत धसका सुटेल, फरक मिटेल, नवरा घरी येईल.

त्रिशलानं विचारलं, भीतीबरोबर आणखी काय जाईल.

प्रसंग जाणार नाहीत, डॉक्टर म्हणाल्या, त्यांचा रंग फिका पडेल. आणि आसपासच्या गोष्टींचाही थोडा पडतो. किती, ते माणसागणिक बदलतं.

विचार करून सांगते म्हणून त्रिशला उठली. खरं तर मनातून तिचं ठरत आलं होतं. नणंद रोज फोन करून सांगत होती, की भाऊ आता देवमाणूस झालाय, तूच तेवढी हट्टाला पेटलीस. ऋजुताचं म्हणणं उलट होतं. ती एवढंच म्हणाली होती, की मारलं त्यानं, औषध तू का घ्यायचं. पण ऋजुतानं गिरणीच्या उंबऱ्यातला शीतल पाहिलेला नव्हता. त्रिशलानं पाहिला होता. तोच परत येणार असेल, तर थोडा रंग फिका पडला म्हणून काय बिघडलं?

होकार देण्याआधी एकदा त्याच्याशी बोलावं, म्हणून ती भडंगाची पुडी घेऊन केंद्रात गेली. भेटीसाठी बागेत बाकं होती, थोड्या अंतरावर रखवालदारीण बसलेली. शीतल आला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसला. केस बरेच पांढरे झाले होते. तिनं पुडी पुढं केली. त्यानं चार दाणे घेतले, आभार मानले. शीतल आणि आभार. तिला हसू आलं.

इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "आमच्या गिरणीची मोटर आठवती?"

"आठवती की," तो म्हणाला. "साडेसात हॉर्सपॉवरची होती. वाइंडिंग पार गेलेलं. बेअरिंगमध्ये गाळ शिरलेला, ते पण बदललं."

त्यानं हातातला एक दाणा तोंडात टाकला.

"आणि?"

"आणि तू होतीस. रीळ धरून." त्यानं जरा आठवून पाहिलं. "कोणीतरी गूळ दिला होता."

सगळं बरोबर होतं. एकही तपशील चुकला नव्हता. पण सरकारी पंचनामा वाचून दाखवावा, तसा तो ते सांगत होता. तिनं हरिपूरचं विचारलं, हळदीच्या गोदामाचं विचारलं. सगळं त्याला माहीत होतं. त्याला आवडायचं का ते, असं तिनं विचारलं तेव्हा तो प्रामाणिकपणे विचारात पडला.

"आवडत असणार," तो म्हणाला. "हे बघ, खोटं कशाला बोलू. ते म्हणायचे, राग आला ते प्रसंग आठवा. मी आठवायचो. प्रत्येक प्रसंगात तू होतीस, दुसरं कोण असणार. तुझा चेहरा आणून आणून एवढ्या वेळा ते केलं, की राग गेला, आणि बाकीचं पण त्याच्याबरोबर गेलं असणार."

"जिन्यावरचं?"

"ते पण आठवतं. ते वाईट होतं हे कळतं मला. वाईट वाटायला पाहिजे हेही कळतं." तो तिच्याकडे बघत होता, डोळे स्वच्छ, शांत. "वाटत नाही, त्रिशला. हात लावून बघतो मी सारखा. तिथं काही नाही."

समोर मदतनीस झाडांना पाणी घालत होता. तिच्या ध्यानात आलं, की ते सगळे दिवस आता जगात एकाच जागी शिल्लक आहेत, तिच्यात. गूळ, गिरणीची घरघर, पिवळ्या उशा. आणि त्यांच्याच शेजारी, त्याच भिंतीला लागून, दार लावल्याचा आवाज आणि कानाखालचा जाळ. हरिपूरहून परतताना ती हसत होती आणि घरी पोचल्यावर तिला मार बसला. ती संध्याकाळ एकच होती. त्यातून अर्धी काढून घ्यायची म्हटलं, तर दुसरी अर्धी हाताशी राहीलच असं कोण सांगणार. शिवाय त्रिशलाही शांत झाली, तर हा आधीच शांत झालेला. मग आपलं काय झालं होतं, हे ठाऊक असणारं घरात कोण उरणार?

निघताना शीतलनं विचारलं, की तीही उपचार घेणार म्हणे. त्रिशला नाही म्हणाली. त्यानं मान हलवली. का, ते त्यानं विचारलं नाही, आणि तिलाही ते त्याला समजावून सांगण्यात अर्थ वाटला नाही.

डॉक्टरांना मात्र तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, की असं असेल तर शीतलचा उपचार त्यांना अयशस्वी दाखवावा लागेल.

"मग दाखवा की," त्रिशला म्हणाली. "तुमचं यंत्र खरं तेच बोललंय. मला त्यांची भीती वाटते. ती मी साठवून ठेवलेली नाही, मला त्यांनी दिलीय. ती काढून टाकून त्यांना पास करू नका."

डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं. आणि पुढं सरकारकडे गेलेल्या अहवालात, बायकांना उपचार देऊन माप सुधारू नये असं त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहिलं, असं त्रिशलाला नंतर कळलं. 'निवळ' सगळ्या जिल्ह्यांत गेला नाही, बंदही पडला नाही. एक मात्र झालं. आठवणी सरसकट निवळवणं थांबवून, राग आल्यावर काय करायचं ते शिकवणाऱ्या बैठका त्याला पुन्हा जोडल्या गेल्या. शनिवारच्या खुर्च्या पुन्हा गोलात लागल्या. शीतलही त्यांना जाऊ लागला.

मिरजेत दुकानामागच्या खोलीत तो राहायला गेला. घटस्फोटाचं त्रिशलानं काढलं नाही; एकत्र राहायचंही काढलं नाही. कधीमधी, तिनं फोन करून बोलावलं तर, तो रविवारी सकाळी यायचा. व्हरांड्यात बसायचा, चहा घ्यायचा, घरातलं काही नादुरुस्त असेल तर बघायचा. बोलणं पाऊसपाण्याचं आणि ऋजुताचं. वर्ष असंच गेलं. तो नेहमी सारखाच असायचा, तळ्यासारखा. त्रिशलाला कधी वाटायचं, हाच बरा. कधी वाटायचं, समोर दुसराच कोणी पाहुणा बसलाय, आणि मग तो गेल्यावर ती उगीच जुनी गाणी लावून बसायची.

अशाच एका रविवारी ती त्याला म्हणाली, की ऋजुता लग्न करतेय. मुलगा तिच्या ऑफिसातला, बरा आहे. पुण्यात नोंदणी करणार, मोजकी माणसं. आणि तिनं फक्त आईला बोलावलंय.

शीतल कप ओठांजवळ नेता नेता थांबला.

"आणि मी?"

"तुम्हाला नको म्हणाली."

"मी बाप आहे तिचा." आवाज चढला होता. "तिच्या शिक्षणाला पैसा कुणी घातला? आणि तू काय सांगितलंस तिला? गप्प बसलीस?" तो ताडकन उठला, गुडघा लागून टीपॉय उलटला, आणि कप व्हरांड्याच्या फरशीवर फुटला.

त्रिशलाचे डोळे मिटले गेले होते. उघडले, तेव्हा त्याच्या कपाळावरची शीर तिला दिसली. ओळखीची. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, जुना राग सुटतो, नवा येणारच नाही असं कुठलंच औषध नाही. तो आला होता. पळून आत जावं आणि दार लावून घ्यावं असं शरीर सांगत होतं. ती उभी राहिली.

"तुम्ही आता जा," ती म्हणाली.

"तुझ्यावर नाही रागावलो मी—"

"जा तुम्ही."

तो तिच्याकडे बघत राहिला. छाती वरखाली होत होती. दोघांच्या मध्ये दोन पावलांचीसुद्धा जागा नव्हती, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग त्यानं मुठी उघडल्या. त्या उघडायला त्याला किती जोर लागला, ते तिला स्पष्ट दिसलं. पायऱ्या उतरून त्यानं चपला घातल्या, फाटक उघडलं, आणि एकदाही मागं न बघता तो निघून गेला.

त्रिशलानं काचा गोळा केल्या, फरशी पुसली, टीपॉय उभा केला.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मला राग आला होता," तो म्हणाला.

"दिसला मला."

"इथं आल्यावर लाज वाटली. खरोखरची." त्याचा आवाज कापरा झाला होता. "जिन्यावरचं आठवलं. तू ओरडत होतीस. आत्तापर्यंत मला ते नुसतं दिसायचं, आज ऐकू आलं."

तिनं डोळे पुसले. धीर द्यावा, जाऊ दे म्हणावं, असं जुन्या सवयीनं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं म्हटलं नाही.

"शनिवारी जाल तेव्हा हे तिथं सांगा," ती म्हणाली. "आणि ऋजुताला फोन करू नका. तिनं नको म्हटलंय."

"बरं," तो म्हणाला. मग दबकत विचारलं, "परत कधी येऊ?"

"मला वाटलं तर सांगेन."

फोन ठेवून ती व्हरांड्यात येऊन बसली. भीती वाटली होती, अजूनही थोडी वाटत होती. पण तिनं जा म्हटलं होतं, आणि तो गेला होता. दोघांची ओळख झाल्यापासून असं एकदाही घडलं नव्हतं; गिरणीच्या आणि हरिपूरच्या त्या चांगल्या दिवसांतही नाही. ती अंधार पडेपर्यंत तिथंच बसली, आणि किती तरी महिन्यांत पहिल्यांदाच, जुनं काही आठवावं असं तिला वाटलं नाही.